पाहिल्याशिवाय सही नाही

३ जून, सोमवार

दिला बाई एकदाचा अहवाल! अकरा पानं, दोन तक्ते आणि मागे मुलींच्या गुणांची यादी. मॉनिटरच्या टेबलावर ठेवला तर चष्म्यावरून बघत म्हणाली, "एवढं? मला वाटलं दोन पानांत उरकशील." नर्सिंग शिकताना आम्ही दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तेव्हा ती वर्गाची मॉनिटर होती. आता या नर्सिंग स्कूलची प्राचार्य आहे. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणते, पण मनात आणि या वहीत ती मॉनिटरच.

अहवालात सांगितलंय ते अगदी साधं. मुलींना सलाईनची सुई लावायला शिकवायचं तर विकतचा प्लास्टिकचा हातच लागतो असं नाही. त्या हाताची कातडी दरवर्षी बदलावी लागते, आणि त्या पैशात धाकटीचे दोन पगार निघतात. (धाकटी म्हणजे माझ्या हाताखालची ट्यूटर. आधी माझीच विद्यार्थिनी.) ह्यांच्या सोफे-गाद्यांच्या दुकानातलं उरलंसुरलं फोम आणि रेक्झिन आणून मी बारा हात शिवले. आत बारीक रबरी नळी, नळीत लाल पाणी. वर्षभर तीस मुली विकतच्या हातावर शिकल्या, तीस माझ्या. वॉर्डात खऱ्या माणसाला पहिली सुई लावताना दोन्हीकडच्या सारख्याच निघाल्या!

पण एका अटीवर. सराव चालू असताना खांद्याशी कोणीतरी जाणतं उभं पाहिजे. ते नसेल तर विकतचा हातही फुकट आणि माझाही. म्हणून खर्चाच्या तक्त्यात सगळ्यात खाली मी ठळक ओळ घातली आहे — शिक्षिकेचे तास. हातांवर वाचेल ते तिकडे घाला, आणखी एक ट्यूटर घ्या. रेक्झिन फुकट मिळालं तरी बाजारभावानं धरलंय. माझे जादा तासही धरलेत. हिशोबात लबाडी नको.

११ जून

मॉनिटर म्हणाली, अहवाल "जरा आटोपशीर" करून समितीपुढे ठेवते. आटोपशीर म्हणजे काय, हे विचारलं नाही. तिला काय विचारायचं!

२ जुलै, मंगळवार

 आज झालं ते सगळं लिहिते.

सकाळी सगळ्या ट्यूटरना बैठकीला बोलावलं. प्रत्येकीपुढे चार पानांचा छापील कागद. वर माझं नाव, ठसठशीत. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तक्ता बघितला. शेवटची ओळ नाही. मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. नाहीच. खांद्याशी कोणी उभं राहायचं ते अख्खं प्रकरणच गायब. उरलं काय, तर "घरगुती हातामुळे दर विद्यार्थिनीमागे खर्च एक चतुर्थांशावर."

आणि त्याखाली समितीचा निर्णय. साधनं इतकी सोपी झाली आहेत, तर सराव कक्षाला एक ट्यूटर पुरे. धाकटीची जागा महिनाअखेर बंद. मुलींनी जोड्या करून एकमेकींचा सराव तपासावा.

धाकटी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं कागद वाचला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.  भांडली असती तर बरं झालं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बारा बारा हात दाखवले मी!

५ जुलै

तीन दिवस मॉनिटर "कामात" होती. आज दार लोटून आत गेले.

मी विचारलं, "माझी ओळ कुठे गेली?"

"अगं, समितीला अकरा पानं वाचायला वेळ असतो का? त्यांना एक आकडा लागतो."

"मग तो आकडा चूक दिलास तू."

"चूक नाही. अपुरा म्हण हवं तर." वर हसली. मग हसू आवरून म्हणाली, "हे नसतं केलं तर फी वाढवावी लागली असती. पंधरा-वीस मुली गळाल्या असत्या. त्यांच्या घरी सांगायला तू गेली असतीस का?"

राग याचाच जास्त आहे. फीचं ती खोटं बोलत नाही. गेल्या वर्षी चौघी गळाल्याच होत्या. पण म्हणून माझ्या नावाखाली? माझ्या सहीखाली? मला बोलावून म्हणाली असती, "बाई, पैसे नाहीत, काय करू या?" तर दोघींनी बसून मार्ग काढला असता. दोन गटांच्या वेळा पुढेमागे केल्या असत्या, विकतचे हात विकून टाकले असते. शंभर उपाय होते. तिनं विचारलंच नाही. केसानं गळा कापला.

खोलीवर ताप आला की हिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवत बसायची मी.

३१ जुलै, बुधवार

धाकटीचा शेवटचा दिवस. कपाटाच्या किल्ल्या दिल्या, पांढरा कोट घडी करून ठेवला. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी शाळेत, नवरा कधीचाच निघून गेलेला. जाताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाईट केलं नाहीत, हे मला कळतं. पण घरी सांगताना मला तुमचंच नाव सांगावं लागलं."

मी तिला शब्द दिला — तुझी जागा परत आणीन. तिनं मान हलवली. लहान मुलाच्या गप्पांना आपण हलवतो तशी.

तिला मी शिकवलेली पहिली गोष्ट मला आठवते. प्रत्येक मुलीची सरावाची वही असते, त्यात दर कामाला दहा चौकोन. दहादा करून दाखवलं की दहा सह्या. वही भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. ट्यूटर झाली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं होतं, पाहिल्याशिवाय सही नाही. घाई असो, मुलगी रडो, प्राचार्य दारात उभी राहो. तिनं ते तंतोतंत पाळलं. एकदा माझ्याच भाचीची वही सहीशिवाय परत पाठवली होती. मला इतका अभिमान वाटला होता!

८ ऑगस्ट

समितीला पत्र लिहिलं होतं, कापलेली ओळ जोडून. उत्तर आलं. "आपल्या तळमळीची नोंद घेतली आहे." नोंद घेतली आहे म्हणे. म्हणजे केराची टोपली.

जोड्यांच्या तपासणीचा बोजवारा उडालाय. मैत्रिणीची चूक मैत्रिणीला दिसत नाही, कारण तीच चूक तिचीही असते. आज एका मुलीला बघितलं, मी तिला चष्मेवाली म्हणते. जागा औषधानं छान पुसली, आणि शीर सापडते का म्हणून पुसल्या जागेवर पुन्हा बोट फिरवलं. झालं, सगळं पुसणं पाण्यात. तिच्या जोडीदारणीनं खुशाल "बरोबर" लिहिलं. विचारलं तर म्हणते, "सगळ्या असंच करतात, मॅडम."

सगळ्या असंच करतात! मग मी थांबले. चार वाजता सुटायचं ते सहाला सुटले. उद्यापासून रोज थांबणार. साठ मुली, एकेक हात मी स्वतः बघणार. पैसे नकोत मला. मुली तयार झाल्या पाहिजेत.

१६ ऑगस्ट

पाय सुजलेत. पण चष्मेवालीचं बोट सुटलं! नऊदा केलं, नवव्यांदा तिनं स्वतःच हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. दंडाला बांधलेला पट्टा सोडायला मात्र अजून विसरते. त्यावर काम चालू आहे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज पाहुणे आले होते, आणखी पाच नर्सिंग स्कूलच्या प्राचार्या. मॉनिटर त्यांना सराव कक्षात घेऊन आली. माझ्याभोवती आठ मुली, घड्याळात पावणेपाच. मॉनिटर काय म्हणाली ते शब्दाशब्दानं लिहून ठेवते.

"बघा, एक ट्यूटर, साठ मुली. घरगुती साधनं. आणि मुलींचं काम तसूभरही घसरलेलं नाही. दर्जा राखून खर्च कसा आवरायचा, ते आमच्या बाईंनी दाखवून दिलं."

एकीनं विचारलं, "जादा तासांचं काय देता यांना?"

"काही नाही. आवडीनं करतात त्या."

पाचही जणींनी लिहून घेतलं! एकीनं तर माझ्या रेक्झिनच्या हाताचा फोटो काढला, मलाही शेजारी उभं केलं. आणि मी हसले. फोटोत हसतात म्हणून हसले मी.

म्हणजे पाच ठिकाणच्या पाच धाकट्या आता घरी जाणार. माझ्या सुजलेल्या पायांच्या जोरावर. मी रोज दोन तास थांबते म्हणून मुली घडतात, मुली घडतात म्हणून कापलेली ओळ बरोबर ठरते. तिचं खोटं मीच खरं करून देतेय, रोज चार ते सहा.

२४ ऑगस्ट

ह्यांना सगळं सांगितलं. हे सोफ्याला खिळे ठोकत ऐकत होते. तोंडात खिळे, त्यामुळे मध्येच बोलायची सोय नाही. संपल्यावर खिळे काढले आणि म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाला कापड मी फुकट देईन एखाद्या वेळी. पण शिलाईही फुकट करायला लागलो, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? खुर्ची शिवायला काही लागतच नाही, असंच म्हणेल. आणि शेजारच्या दुकानातही तेच सांगेल."

"मग मुलींना वाऱ्यावर सोडू?"

"तसं मी कुठं म्हणालो? मी शिलाईचं म्हणालो."

पुन्हा खिळे तोंडात. हे असंच करतात. अर्धवट शहाणपण सांगायचं आणि ठोकायला लागायचं.

९ सप्टेंबर, सोमवार

आज चार वाजता कुलूप लावलं.

दाराबाहेर एकोणीस जणी उभ्या होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं — माझी वेळ संपली. तुमच्यासाठी दुसरी ट्यूटर होती, ती काढली. का काढली ते प्राचार्यांना विचारा. जेवढ्या माझ्या वेळेत होतील तेवढ्यांच्या वह्यांवर सह्या होतील. चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, पण उद्या वॉर्डात माझी पहिली सुई आहे." मी किल्ली पिशवीत टाकली आणि जिना उतरले.

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं जागा बदलली.

१० सप्टेंबर

चष्मेवालीची सुई नीट लागली म्हणे. देवा!

२० सप्टेंबर

नीट लागली नव्हती. म्हणजे तिची लागली होती, दुसऱ्या एकीची नाही. वॉर्डच्या मुख्य सिस्टरनी फोन करून झापलं. पट्टा सोडायचा राहिला, सुई शिरेबाहेर गेली, म्हाताऱ्या आजोबांचा हात कोपरापर्यंत टम्म सुजला. "तुमच्या मुली पूर्वी अशा नव्हत्या, बाई. काय शिकवता काय हल्ली?"

आजोबांना बघायला गेले. बिचारे मलाच समजावत होते. "पोर शिकतेय, चालायचंच." सुजलेल्या हातानं त्यांनी मला बसायला जागा करून दिली.

चालायचंच कसं? ती मुलगी माझ्यासमोर सहाव्यांदा करत होती, तेव्हा चार वाजले होते. मला माहीत होतं तीही पट्टा विसरते. मी उठून गेले. मॉनिटरनं ओळ कापली हे खरं, पण त्या दिवशी उठले ती मी.

उद्यापासून पुन्हा थांबावं का? दिवसभर तोच विचार. नाही थांबणार. थांबले की पुन्हा सगळं छान दिसेल, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, पाचही स्कूलांत असेच हात सुजतील आणि कोणाला कारण कळणार नाही. आजोबांचं सगळं लिहून समितीला पाठवलं. माझी चूकही लिहिली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

परीक्षा अठरा तारखेला. आजचा हिशोब — सदतीस वह्या पूर्ण, तेवीस अपुऱ्या. अपुऱ्या वह्यांचा गठ्ठा बांधून कार्यालयात दिला, वर चिठ्ठी लावली: "यांचा सराव पाहायला शिक्षिका उपलब्ध नाही."

तासाभरात बोलावणं आलं.

१० ऑक्टोबर

सहा दिवस तेच. आधी गोड बोलून झालं. मग मैत्रीची आठवण. खोलीतला ताप, डोक्यावरच्या पट्ट्या, सगळं काढलं तिनं. आपण केलेलं दुसऱ्याच्या तोंडून वसुलीला आलं की किती घाण वाटतं! मग आज शेवटी —

"तेवीस मुलींचं वर्ष जाईल. तुझ्या हट्टापायी."

"माझ्या नाही. आठवडाभर धाकटीला परत आण. रोज आठ तास दोघी मिळून बघतो. सतराला संध्याकाळी तेवीसच्या तेवीस वह्या तुझ्या टेबलावर."

"पैसे कुठून आणू?"

"विकतचे चार हात वापराविना पडलेत. विक."

ती उठून खिडकीशी गेली. केस किती पांढरे झालेत तिचे मागच्या बाजूनं. मला एकदम वाटलं, हिलाही वरून कोणी दाबत असेल. पण हिनं मला सांगितलं असतं तर!

"बघते," म्हणाली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

धाकटी परत आली!!

सकाळी कक्षात शिरले तर पांढरा कोट घालून हात मांडत होती. मला बघून उभी राहिली. मी तिला जवळ घेतलं, तीही रडली, मीही. कायमची नेमणूक आहे, आठवड्याभराची नाही! पगार पहिल्यापेक्षा थोडा जास्तच. म्हणाली, "मॅडम, आईला सांगितलं, तुमचंच नाव सांगितलं." ह्या वेळी ते ऐकायला बरं वाटलं.

मॉनिटरनं बोलावून सांगितलं, तू सदतीस जणींची तोंडी तयारी घे, तेवीस जणींचं धाकटी बघेल, वरच्या मजल्यावर. मी म्हटलं, ठीक. मग, न राहवून, थँक्यू म्हटलं तिला. तिनं मान वर केली नाही. संकोचली असेल.

घरी येताना ह्यांच्यासाठी नवी कात्री घेतली. अर्धवट शहाणपणाची फी.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तेवीस वह्या आज दुपारीच कार्यालयात जमा झाल्या. एक दिवस आधी. कौतुकानं उघडून बघितल्या. सगळे चौकोन भरलेले, प्रत्येकात धाकटीची सही, आणि तारखा ऑगस्ट-सप्टेंबरच्या. तेव्हा ती इथे नव्हतीच. वर गेले. बारा हात जिथल्या तिथे पडलेले, एकाही नळीत पाणी भरलेलं नाही. धाकटी कपाट आवरत होती. मी एवढंच विचारलं, "एकीचा तरी हात बघितलास का गं?"

तिनं पाठ वळवली नाही, नजरही चुकवली नाही. म्हणाली, "मॅडम, त्याच अटीवर परत घेतलंय मला."